सरांच्या नावानं

पाटसच्या अलीकडे गाडीच्या काचा बंद असल्या तरी तो वास आत येतोच. उकळत्या रसाचा गोडसर, आणि त्याच्या पाठोपाठ मळीचा आंबट, घशात बसणारा. कारखान्याचा हंगाम लागला की हा सगळा मुलूख चार महिने त्याच वासात निजतो आणि त्याच वासात उठतो. इथल्या माणसांना त्या वासानं थंडी आठवते, गरम गूळ आठवतो. मला तो सोसत नाही. बारा वर्षं झाली, परदेशात राहून आले, पुण्यात चार शहाण्या माणसांत उठबस करते, तरी ते काही बदललेलं नाही.

आज वैजूनं बोलावलंय. वैजू म्हणजे वैजयंता. आमच्या राहू गावच्या शाळेत पहिलीपासून माझ्या शेजारी बसलेली, पुढं तीन वर्षं माझ्याबरोबर एसटीनं दौंडच्या कॉलेजात ये-जा केलेली. आता तिचं सासर पाटसला. "एक फॉर्म भरायचाय," ती फोनवर म्हणाली. "तू तिथं शिकून आलीस, तुला म्हाईत असंल. ये की येळ काढून." किती साधं बोलली. कुठला फॉर्म ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात तशीच बसून राहिले, दूध उतू जाईपर्यंत.

राहूला आमचा ऊस होता आणि त्यांची फुलं होती. आमच्या उसाच्या दोन फडांमधून एक पायवाट जायची, ती संपली की वैजूच्या वडिलांचा, आबांचा, शेवंतीचा मळा लागायचा. थंडीत पहाटे त्या मळ्यात सगळं घर वाकलेलं असायचं. ओल्या फुलांचा कडवट वास, ओल्या गोणपाटाचा वास, आणि टेम्पो येऊन उभा राहिला की डिझेलचा. बोटं हिरवी-काळी व्हायची आणि तशाच बोटांनी वैजू सातच्या गाडीला यायची. एसटीत तिच्या शेजारी बसलं की अंगाला फुलांचा वास लागायचा. पोरी म्हणायच्या, देवघरातनं उठून आलीस का गं. तिला राग यायचा नाही. मला यायचा. कारण माझ्या अंगाला कसलाच वास नव्हता.

आमचं शेवटचं वर्ष म्हणजे बिबट्याचं वर्ष. शिरूरकडून नदी ओलांडून आला म्हणायचे. कुणी दोन आहेत म्हणायचं, कुणी पिल्लांसकट. मी तो कधी पाहिला नाही, पण त्या वर्षी त्याच्याशिवाय कुठली गोष्ट झाली नाही. माणसं एकटी रानात जाईनाशी झाली. फुलं तोडताना बायका मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावून ठेवायच्या. बारीक पोरांना अंगणातसुद्धा कुणी सोडायचं नाही. वैजूचा कुत्रा एका सकाळी हाकेला आला नाही. तिनं तीन दिवस भाकरी वाढून ठेवली आणि चौथ्या दिवशी ताटली धुऊन पालथी घातली.

त्या पायवाटेनं जाताना आम्ही दोघी ओरडत जायचो. गाणी म्हणायची लाज वाटायची, म्हणून वनस्पतींची कुळं म्हणायचो. मालवेसी, सोलॅनेसी, अ‍ॅस्टरेसी. ती एक म्हणायची, मी दुसरं. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, पाती एकमेकांवर घासतायत, आणि मधून आम्ही परीक्षेचा अभ्यास करत निघालोय. मध्येच एखादं नाव आठवायचं नाही. मग जी शांतता पडायची, ती मला अजून ऐकू येते. वैजूच मग पुढचं नाव घ्यायची. मी चाचपडत असायचे.

आमचे वनस्पतिशास्त्राचे सर मूळचे शिरूर तालुक्यातले, दौंडला भाड्याच्या घरात एकटे राहायचे. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी भिंग असायचं. त्यांनी कॉलेजच्या मागं शेवंतीच्या चाळीस कुंड्या वाढवल्या होत्या. एके दिवशी वैजू त्या कुंड्यांपाशी थांबली, एकेकीतली चिमूटभर माती काढून नाकाशी नेली आणि म्हणाली, "सर, ह्या सात जातील. परवापतूर." साती कुंड्या हिरव्यागार. सर हसले. तिसऱ्या दिवशी साती माना टाकून बसल्या, नेमक्या त्याच. सरांनी मुळं उपटून भिंगाखाली धरली, मग तिच्याकडे बघितलं. "कसं कळलं गं?" "मुळं कुजाय लागली की वास येतो, सर. आंबूस. मळ्यात माझं कामच हाय ते." सर पुढं आठवडाभर भेटेल त्याला हेच सांगत होते. मी तेव्हा वही घेऊन शेजारी उभी होते. साती कुंड्यांचे नंबर मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते.

परदेशातल्या एका जुन्या विद्यापीठाची माहिती सरांनीच आणली. पुढचं शिक्षण, राहणं-जेवण सगळं तेच बघणार, पण जगभरातून मोजकी पोरं घेणार. अर्जासोबत शिक्षकाचं पत्र हवं, आणि त्या पत्रात विद्यार्थ्याचा एखादा घडलेला प्रसंग हवा. नुसते मार्क त्यांना नको होते.

आता आपल्याकडं पत्र म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. सर म्हणाले, "तूच लिहून आण. मी सही करतो." यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. सगळेच तसं करायचे. सरांचं इंग्रजी बेताचं, कॉम्प्युटरशी तर वाकडंच. विद्यापीठाकडून जे काही यायचं ते त्यांच्या ईमेलवर यायचं, म्हणून त्यांनी पासवर्डही मला चिठ्ठीवर लिहून दिला. "बघ बाई, काय आलं-गेलं ते तूच बघ." मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

वैजू अर्ज करणार नव्हती. आबा तयार नव्हते. तिला बघायला येऊन गेले होते आणि घर चांगलं होतं. म्हणून, आणि हे मी आजवर स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही, मी माझ्या पत्रात मुळांच्या वासाचा प्रसंग घातला. माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं होतं काय? पहिला नंबर, सुंदर अक्षर, शंभर टक्के हजेरी. तासभर कोऱ्या पानासमोर बसले आणि शेवटी लिहिलं, की या विद्यार्थिनीनं नुसत्या मातीच्या वासावरून साती कुंड्या ओळखल्या. वैजूला तर जायचंच नाहीये, मग हे वायाच जाणार, असं मनाशी म्हणाले. सरांनी न वाचता सही केली. "वाचायचं काय त्यात? तू लिहिलंयस म्हंजी बरोबरच असणार." मी ते त्यांच्या ईमेलमधून पाठवून दिलं.

चार दिवसांनी वैजू पायवाटेनं एकटी आली. न ओरडता, पळत. आबा कबूल झाले होते. "येकच साल म्हणलेत. ह्या साली झालं तर जा, न्हाई तर गप लगीन कर. माझं पण पत्र लिही की गं. तुझं इंग्लिश चांगलं हाय." तिला धाप लागली होती आणि तोंड आनंदानं लाल झालं होतं. मी कोरा कागद पुढं ओढला.

ती माझ्या शेजारीच बसली. मी तिच्या कष्टाचं लिहिलं, वक्तशीरपणाचं लिहिलं, पहाटे फुलं तोडून कॉलेजला येते ते लिहिलं. ती वाकून बघत होती. "आन् मुळांचं? ते लिही ना. सरांना लई आवडलं व्हतं." मी म्हणाले, राहू दे, किरकोळ आहे. ती म्हणाली, "किरकोळ कसं? दुसरं हाय काय माझ्याकडं?" तेव्हाच सांगून टाकलं असतं तर सगळं तिथंच निस्तरलं असतं. माझं पत्र मागं घेता आलं असतं, दुसरं पाठवता आलं असतं. फार तर तिनं चार दिवस अबोला धरला असता. पण मी ते केलं नाही. मी लिहिलं. त्याच साती कुंड्या. सरांनी त्यावरही सही केली आणि आम्हा दोघींना चहा पाजला.

मग वाट बघणं सुरू झालं. मी रोज दुपारी आमच्या पाण्याच्या टाकीवर चढायचे, कारण तिथंच रेंज यायची, आणि सरांचं ईमेल उघडायचे. खाली गावभर ऊसतोड चालू झाली होती. कोयत्यांचा आवाज, उसाच्या शेंड्यांचे, वाढ्यांचे ढीग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. रोज एकेक फड मोकळा होत होता. रोज थोडं आणखी लांबचं दिसायला लागत होतं. गावातली म्हातारी माणसं म्हणत होती, ऊस कमी होईल तसं जनावर उरलेल्या उसात सरकत जाणार. शेवटचा फड आमचाच होता.

विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा भर दुपार होती. भाषा फार सभ्य होती. आपण दोन विद्यार्थिनींबद्दल एकच प्रसंग लिहिला आहे. तो नक्की कुणाचा, ते दहा दिवसांत कळवावं. न कळवल्यास दोन्ही पत्रं बाजूला ठेवली जातील. मी ते इतक्यांदा वाचलं की मला ते पाठ झालं.

त्या दहा दिवसांत मी जेवत होते, भांडत होते, वैजूबरोबर एसटीनं जात होते. ती खिडकीतून बघत म्हणायची, तिकडं शेवंती असंल का गं? मी म्हणायचे, असेल. सरांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. न वाचता सही केली हे बाहेर गेलं तर त्यांची किती नाचक्की होईल, असा विचार करून परत फिरले. म्हणजे तेव्हा मी तसं समजले. खरं तर मी माझ्यासाठी परत फिरले.

नवव्या दिवशी आमचा शेवटचा फड तोडायला घेतला. अर्धं गाव काठ्या, डबे घेऊन चारी बाजूंनी उभं होतं. डबे वाजत होते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, बांधावर उभं राहून हातवारे करत होते. उसाचा चौकोन बारीक बारीक होत चालला. सगळ्यांचे डोळे तिकडं. मी टाकीवर बसून मोबाइलवर सरांच्या नावानं लिहिलं. प्रसंग पहिल्या विद्यार्थिनीचा आहे. दुसरीनं तो ऐकून आपल्या पत्रात घातला आणि माझ्याकडून सही घेतली. माझ्या वयामुळं वाचायचं राहिलं. दिलगीर आहे. लिहिताना मी एकदाही थांबले नाही, हे मला अजून भीतीदायक वाटतं. पाठवलं. त्यांचं आलेलं पुसलं, माझं गेलेलंही पुसलं. खाली शेवटची सरी पडली आणि आतून काहीच निघालं नाही. फक्त वैजूच्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सापडला. लोक हसत, शिव्या देत घरी गेले.

फेब्रुवारीत माझी निवड झाली. वैजूला वेगळं पत्र आलं. ते घेऊन ती आमच्या ओट्यावर आली आणि मला वाचून दाखवायला सांगितलं, जरी तिनं ते वाचलेलं होतं. आपल्या शिक्षकांनी कळवल्यानुसार आपल्या अर्जातील मजकूर खोटा आहे. सबब अर्ज रद्द. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "सरांनी असं कळवलं?" मी म्हणाले, "त्यांचा काहीतरी घोटाळा झाला असेल." मग ती म्हणाली, "त्यांना इचारायला जाऊ का?" आणि मी म्हणाले, "कशाला आता?" ती उठून गेली. फड तोडल्यामुळं ती पार मळ्यापर्यंत जाताना दिसत होती.

तिचं लग्न उन्हाळ्यात झालं. सरांना पत्रिका गेली नाही. मी जायच्या आधी त्यांच्या पाया पडायला गेले तेव्हा ते म्हणाले, "वैजू रुसली का गं माझ्यावर?" मी म्हणाले, लग्नाच्या गडबडीत आहे, सर. ते म्हणाले, "पत्रिका पोस्टात अडकली असंल." त्यांनी मला ते खिशातलं भिंग दिलं. ते घेताना मी मान वर केली नाही.

त्यांचं तीन वर्षांपूर्वी दौंडला निधन झालं. मी गेले होते. लोक विचारत होते, ती दुसरी कुठंय, वासावरून रोग ओळखायची ती.

वैजूचं घर कारखान्याच्या मागच्या बाजूला आहे. दारात रोपांचे ट्रे लावलेले. तिनं रोपवाटिका काढलीय, गावोगावचे लोक पिशवीत मुळं घालून तिच्याकडं घेऊन येतात. मला बघून तिला मनापासून आनंद झाला. दाजी कामावर, पोरगी शाळेत. पोहे झाले, चहा झाला. मग तिनं टेबलावरचा लॅपटॉप उघडला. तेच विद्यापीठ. "तीन वर्षं तयारी करतीय," ती म्हणाली. "ह्यांनी पण मनावर घेतलंय. म्हणले, पोरीला आन् आईला मी बघतो, तू जा. सगळं भरून झालं. ह्या येका रकान्याशी अडलंय."

मी वाचलं. यापूर्वी आपला अर्ज खोट्या मजकुराच्या कारणावरून रद्द झाला आहे का? असल्यास खुलासा करा.

"काय लिहू ह्यात?" वैजू म्हणाली. "खुलासा मला तरी कुठं ठाव हाय? बारा वर्षं झाली, इचार करतीय. सरांनी माझ्याबद्दल असं का कळवलं असंल गं? माझं काय चुकलं व्हतं? कुणी कान भरले का त्यांचे?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. सरांचं वय झालं होतं, त्यांची गल्लत झाली, असं लिही. इतकं सोपं. सर येऊन नाही म्हणणार नव्हते. मी त्या रकान्याकडं बघत राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की हेही सरांच्याच नावावर जाणार.

"सरांनी नाही," मी म्हणाले. "मी लिहिलं होतं. त्यांच्या ईमेलवरून." आणि मग सगळं सांगितलं. माझ्या पत्रात आधीच घातलेल्या कुंड्या, दहा दिवसांची मुदत, टाकी, नववा दिवस. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

वैजूनं चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाली, "सरांना ठाव तरी व्हतं का?"

"नाही. शेवटपर्यंत नाही."

"दोनदा आले व्हते सर हितं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "पोरगी बारकी व्हती. मी आतनं कडी घातली. दुसऱ्या खेपेला त्या पायरीवर अर्धा तास बसले. उन्हाचं. पाणी पण दिलं न्हाई मी." आणि म्हणाली, "गेले तवा मी दौंडातच व्हते. पोरीला दवाखान्यात आणलं व्हतं. दोन गल्ल्या सोडून. कुणीतरी सांगितलं, आन् मी म्हणलं, मला काय त्याचं."

"वैजू, मी..."

"तू गप."

ती उठली, आतून पाणी पिऊन आली, आणि लॅपटॉप माझ्याकडं सरकवला.

"लिही. खुलासा मागितलाय न्हवं त्यांनी?"

"ते वाचलं की माझी पदवी राहणार नाही, वैजू. पुण्याची नोकरी त्याच पदवीवर आहे."

"जाईल?"

"जाईल बहुतेक."

"लिही," ती म्हणाली.

मी लिहायला लागले. वैजयंताचा यात काही दोष नव्हता, असं पहिलं वाक्य लिहिलं. ती शेजारी खुर्ची ओढून बसली होती, एकेक शब्द वाचत. तिनं माझा हात धरून थांबवला.

"आधी सरांचं लिही. माझं मागनं."

मी ते वाक्य पुसलं. सरांचं पूर्ण नाव लिहिलं, आणि लिहिलं की ते उत्तर त्यांनी दिलेलं नव्हतं, त्यांना त्यातलं काहीही माहीत नव्हतं. वैजूनं पडद्यावर बोट ठेवून ते दोनदा वाचलं. मान हलवली.

"आता तू कोण, ते लिही," ती म्हणाली.

मी माझं नाव लिहिलं.